ड्रोनचे कौतुक झाले, आता आवाजाचे बोला

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

परदेशी फिरून छोटे माहितीपट करणाऱ्या तरुणांवरचा लेख आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचला. लेन्स, गिंबल, ड्रोन, व्हिसा, सगळे आले; आवाजावर एक ओळ नाही. मी वडोदऱ्यात ध्वनिमुद्रणाची कामे करतो. ही मुले परत आली की त्यांचे फुटेज आवाज 'साफ' करायला माझ्याकडे येते, म्हणून हा पत्रप्रपंच. दादासाहेब फाळके आमच्याच कलाभवनात शिकले. त्यांच्या काळी कॅमेऱ्याला कान नव्हते. आता आहेत, तरी निम्म्या फिल्म मूकपट म्हणूनच येतात आणि वरून गिटार चिकटवायला सांगतात.

कॅमेऱ्यावर बसवलेल्या माईकला समोरच्या माणसापेक्षा मागची बस जास्त ऐकू येते. माईक छातीवर, तोंडापासून वीतभर अंतरावर हवा आणि वाऱ्यात त्यावर केसाळ टोपी. जागा सोडण्यापूर्वी सगळ्यांनी मिनिटभर गप्प राहून तिथली नुसती शांतता रेकॉर्ड करायची. एडिटिंगच्या वेळी सांधे जुळवायला तीच लागते, आणि ती नंतर कुरियरने मागवता येत नाही. आणखी एक गंमत. जपानमध्ये टोकियोची वीज ५० हर्ट्झची, ओसाकाची ६०ची. आपल्याकडच्या सवयीने ५०चा फिल्टर लावला तर ओसाकात रेकॉर्डिंगमध्ये उतरलेली विजेची घरघर जात नाही. ट्यूबलाइटखाली कॅमेऱ्याचे शटर १/५० सेकंदावर राहिले तर चित्रही लपलपते. परतताना आपल्याच सामानावर जकात लागू नये म्हणून निघताना विमानतळावर कस्टम्सकडून निर्यात प्रमाणपत्र घेतात (बॅगा काउंटरवर देण्याआधी, हे महत्त्वाचे). त्यात कॅमेऱ्याचा नंबर सगळे आठवणीने लिहवतात, रेकॉर्डर आणि वायरलेस माईकचा नाही. जणू ते सामानच नव्हे!

पण माझी खरी तक्रार निराळी आहे. ही मुले जिथे जातील तिथल्या माणसाला इंग्रजीत बोलायला लावतात. मध्यंतरी जॉर्जियातल्या एका भट्टीचे फुटेज आले. उभ्या मातीच्या भट्टीत हात घालून आतल्या भिंतीला लांबट पाव चिकटवणारी बाई. मुलाखतीत तिचे म्हणणे एवढेच: 'गुड ब्रेड, व्हेरी ओल्ड.' पुढच्या शॉटमध्ये ती सुनेकडे वळते आणि जॉर्जियनमध्ये जी सुटते ती थांबत नाही. हातवारे, हसणे, मध्येच चिडणे. तेवढ्यात माईक काढून ठेवलेला. मी ते लांबून आलेले बोलणे जमेल तेवढे वर काढले, पण अर्धे भट्टीच्या आवाजात गेले. ते कळायला जॉर्जियन येण्याची गरज नव्हती. रेकॉर्डर चालू ठेवायचा आणि तिथल्याच कुणाला पैसे देऊन संध्याकाळी अर्थ लिहून घ्यायचा. खाली अक्षरे टाकली की काम झाले.

आमच्या दांडिया बाजारातल्या एखाद्या आजींना कॅमेऱ्यासमोर हिंदीत बोलायला सांगून पाहा. ताठ बसतील, दोन वाक्यांत संपतील. त्यांच्या गुजराती मिसळलेल्या मराठीत विचारा, मग सयाजीरावांपासून विश्वामित्रीच्या पुरापर्यंत सगळे निघते आणि तुमची बॅटरी संपते.

परदेशी जाण्याआधी सराव हवा असेल तर चैत्रात रामपुरा-तिलकवाड्याची उत्तरवाहिनी परिक्रमा आहे, म्हणजे नर्मदा उत्तरेकडे वाहते तेवढ्याच टप्प्याची पायी प्रदक्षिणा. तिथे हल्ली डोक्यावर ड्रोन घोंगावत असतो आणि खाली 'नर्मदे हर' म्हणत चाललेली माणसे, होडीवाल्याची हाक, काठ्यांचे टेकणे कुणी टिपत नाही. ड्रोनखाली ते टिपताही येत नाही म्हणा.

पुढचा लेख काढाल तेव्हा आपल्या प्रतिनिधीने त्या मुलांना दोनच गोष्टी विचाराव्यात: मुलाखत कोणत्या भाषेत घेतली, आणि दुभाष्याला किती दिले?

आपला,
एक ध्वनिमुद्रक,
दांडिया बाजार, वडोदरा