खोका उचलला

प्रिय सुध्या,

तुझा शेवटचा मेसेज आठ महिने तसाच पडलाय, उत्तर दिलं नाही, आधी राग होता म्हणून आणि मग राग गेला तरी आता कुठल्या तोंडाने लिहू म्हणून. आमच्याकडे बाकी सगळे बरे. बीपी ठीक, आईचा गुडघा जैसे थे. आता पाठीचं.

हसू नकोस. मी पाठीचं काढलं की तू फोन टेबलावर ठेवून फेरी मारून येतोस हे बंड्याने मला केव्हाच सांगितलंय.

तर मंगळवारी फिजिओकडे मी खोका उचलला. पुस्तकांनी भरलेला. तुझा नव्हे, पण तसलाच, आणि म्हणूनच हे तुलाच लिहितोय, दुसऱ्या कुणाला सांगून काय कळणार.

ही फिजिओ नवीन आहे. सहा वर्षांत मी किती दारं पालथी घातली ते तुला माहितीये. पहिल्याने एमआरआय काढला, फिल्म उजेडाला धरून म्हणाला एल फोर-एल फाइव्हची, म्हणजे कमरेच्या मणक्यांमधली गादी सरकलीय, वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, आणि ते वाक्य मी जे घट्ट धरलं ते धरलं. दुसऱ्याने पट्टा दिला. तिसऱ्याने ट्रॅक्शन लावून रोज वीस मिनिटं ताणून ठेवलं. चौथ्याने झोपेच्या गोळीसारखी गुंगी आणणाऱ्या नसांच्या गोळ्या दिल्या, मी मीटिंगमध्ये पेंगायला लागलो, पाठ आपली होती तशीच. पाचव्याने इंजेक्शन दिलं, दीड महिना स्वर्ग, मग परत तेच. मधे एकाने तर थेट ऑपरेशनची तारीखच विचारली, मी पळून आलो.

या बाईंनी रिपोर्ट बघितला आणि बाजूला ठेवला. म्हणाल्या, ज्यांची पाठ दुखत नव्हती अशा माणसांचे सीटी स्कॅन आणि एमआरआय एकत्र करून 2015 साली एक मोठा आढावा छापून आला होता, त्यात चाळिशीतल्या निम्म्या लोकांची गादी फुगलेली दिसली, ऐंशीच्या घरात तर दहातल्या आठांहून जास्त. मग म्हणाल्या, पट्टा आणि ट्रॅक्शन या दुखण्यावर वापरू नका असं जागतिक आरोग्य संघटनेनेच 2023 मध्ये सांगितलंय. मी पट्टा बांधूनच बसलो होतो. पायात मुंग्या, जोर कमी होणं, लघवीवरचा ताबा, मांड्यांच्या मधल्या जागेचा बधिरपणा, सगळं विचारलं, पाय सरळ उचलून बघितला, काही नाही. मग विचारलं, तुम्ही काय काय करायचं सोडलंय?

सुध्या, मी यादी सांगायला लागलो आणि ती संपेचना. मोजे खुर्चीत बसून, पाय दुसऱ्या खुर्चीवर ठेवून. पेन पडलं तर पायाच्या बोटांनी उचलायचं, त्यात मी आता माकडाच्या वरताण आहे. शिंक आली की आधी भिंत शोधायची. पोरगी दोन वर्षांची असल्यापासून तिला कडेवर घेतलेलं नाही, आता ती आठ वर्षांची आहे, आता घ्यायचा प्रश्नच नाही. हे बोललो आणि गप्प बसलो.

मग दोन महिने रिकामा खोका, मग त्यात दोन पुस्तकं, मग चार. मंगळवारी भरलेला. हात लावायच्या आधीच कमरेत कळ आली, शपथ सांगतो, खोका जागचा हललाही नव्हता. बाई म्हणाल्या, बघितलंत, अजून काही उचललंच नाहीये. दुखणं खरं आहे, पण मेंदू आधीच भोंगा वाजवतोय. मग उचलला. काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी पाठ धरली, चांगली दोन दिवस, पण त्या म्हणाल्या होत्याच धरेल, घाबरू नका, चालत राहा. म्हणजे चमत्कार वगैरे काही नाही.

आता खरं सांगतो. घरी मी हे सांगितलेलं नाही. सहा वर्षं बायकोने सिलिंडर सरकवला, गाद्या उचलल्या, बॅगा चढवल्या, मी बाजूला उभा राहून "जपून" म्हणायचो. आता कुठल्या तोंडाने सांगू की मला उचलता येतं? ती म्हणेल मग इतके दिवस काय होतं. खरंच काय होतं रे? दुखत होतं, देवाशपथ दुखत होतं, रात्री कूस बदलताना घाम फुटायचा. पण काल तिने बॅग उचलली आणि मी सवयीने कंबर धरून उभा राहिलो, तेव्हा कंबर अजिबात दुखत नव्हती. ताईकडे सगळ्यांसमोर तू "किती नाटकं करशील" म्हणालास ना, तेव्हा मी नाटक करत नव्हतो. काल केलं. पहिल्यांदा. तुझ्या शब्दाला सहा वर्षांनी जागलो बघ.

आणि तुझा खोका, ज्याच्यामुळे "माझी पाठ गेली" असं मी गावभर सांगत फिरलो. बाईंना पण सांगितलं. त्यांनी विचारलं, त्याच्या आधी कधी धरली नव्हती का? धरली होती. दोनदा. तुला ठाऊक होतं आणि तरी तू तेव्हा एका शब्दाने बोलला नाहीस, नुसता नाटक म्हणालास, गाढवा. त्याबद्दल मी अजून थोडा चिडलेलोच आहे. पण खोक्याबद्दल सॉरी.

बदलीचं काय झालं? वहिनींचा क्लास सुरू झाला का? धाकट्याचा दात आला म्हणे.

बायकोला कसं सांगू ते मात्र लिही, फोन करू नकोस, ती शेजारीच असते. तुझा तो खोका अजून आमच्या माळ्यावरच आहे, बंड्याने चढवलेला. न्यायला ये. खाली मी काढतो.

तुझा,
अण्णा