उत्तर आधी न मागणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

अनिश्चित रोजगारावरचा आमचा अहवाल अखेर प्रसिद्ध झाला. त्याला पैसे तुम्ही दिलेत, पण त्यात तुमचं नाव कुठेही नाही. ते छापायचं नाही असं तुम्ही बजावलं होतं, म्हणून नाव इथेही घेत नाही. पण हे पत्र मुद्दाम उघड लिहितो आहे. सामाजिक संशोधनाला हातभार लावावा असं वाटणारी माणसं बरीच असतात, पण तो कसा लावावा हे त्यांना कोणी सांगत नाही. तुम्ही लावलात तसा, हे मला त्यांना सांगायचं आहे.

आमच्या अंदाजपत्रकात ‘पुन्हा भेटी’ अशी एक ओळ होती. ती वाचून कोणी प्रश्न विचारेल असं वाटलं नव्हतं. कात्री लावायची झाली तर ती आधी अशाच ओळीला लागते. तुम्ही फोन करून विचारलंत, “हे काय असतं?”

पाहणीत घरोघरी जाऊन माहिती घेणाऱ्या प्रगणकाला बहुतेक वेळा भरलेल्या फॉर्ममागे मोबदला मिळतो. दाराला कुलूप दिसलं की प्रगणक शेजारची कडी वाजवतो. त्यालाही पोट आहे, त्याला दोष देता येत नाही. पण कुलूप असतं कोणाच्या दाराला? जो दिवसा एक आणि रात्री दुसरं काम करतो त्याच्या. ज्याला सकाळी सहाला निरोप येतो आणि सातला हजर व्हावं लागतं त्याच्या. म्हणजे ज्यांचे हाल समजून घ्यायला निघालो तीच माणसं गळतात, आणि घरी सापडलेल्यांवरून सगळ्यांचा हिशोब मांडला जातो. आकडे व्यवस्थित दिसतात, सरासरी निघते, तक्ते सुबक होतात. चूक कुठे झाली ते तक्त्यात दिसत नाही. म्हणून कुलूप दिसलेल्या घरी परत जायचं, त्या ‘पुन्हा भेटी’.

हे ऐकून तुम्ही ती रक्कम दुप्पट केलीत आणि प्रगणकांना फॉर्मवर नाही, दिवसावर पैसे द्या म्हणालात. त्या एका बदलाने आमची पाहणीच वेगळी झाली.

अशाच एका पुन्हा भेटीत एक डिलिव्हरीवाला भेटला. रात्री उशिरा आला, हेल्मेट काखेत, उंबऱ्यावर उभ्यानेच बोलायला तयार झाला. आठवड्यात किती तास काम करता, हा आमचा ठरलेला प्रश्न. त्याने उत्तर न देता मोबाइल उघडून ॲपमधले तास दाखवले. मग म्हणाला, “हे त्यांचे तास. माझे वेगळे.” एक ऑर्डर पोचवल्यापासून दुसरी येईपर्यंत तो रस्त्याच्या कडेला गाडीवर बसून राहायचा. त्या वेळात घरी जाता येत नाही, झोपता येत नाही, दुसरं काम घेता येत नाही, आणि पैसे तर नाहीतच. आमच्या प्रश्नावलीत या वेळाला रकानाच नव्हता. आम्ही तो घातला, आणि त्यासाठी आधी झालेल्या घरीही पुन्हा गेलो. अहवालातलं वाट पाहण्याच्या वेळेवरचं प्रकरण, जे आज सर्वांत जास्त वाचलं जातंय, ते तिथून आलं.

मारिएन्थालची पाहणी या प्रकरणाच्या वेळी सारखी आठवत होती. ऑस्ट्रियातल्या त्या गावातली कापड गिरणी बंद पडली आणि जवळजवळ सगळं गाव बेकार झालं. मारी याहोदा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स त्साइझेल यांनी सहकाऱ्यांसह 1931-32 मध्ये तिथे काम केलं. हाताला काम नाही म्हणजे लोकांना वेळच वेळ, असं कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात वाचनालयाची वर्गणी माफ करूनही पुस्तकं नेणं कमी झालं होतं. संशोधकांनी हातात घड्याळ घेऊन रस्त्याने जाणाऱ्यांची चाल मोजली, तेव्हा पुरुष बायकांपेक्षा सावकाश चालताना आणि पुन्हापुन्हा थांबताना दिसले. नुसतं बघत बसायचं नाही, गावाच्या काही उपयोगी पडायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. म्हणून कपडे वाटले, डॉक्टरांची तपासणी ठेवली. अशा कामाला दिवस लागतात, आणि कोणीतरी ते दिवस देऊ करावे लागतात.

पैसे देणाऱ्याने निष्कर्ष बदलून घेतले, असं क्वचित घडतं. माझ्या मते खरं नुकसान त्याच्या कितीतरी आधी होतं, प्रश्न ठरवताना. 1954 मध्ये अमेरिकेतल्या तंबाखू कंपन्यांनी स्वतःची संशोधन समिती काढली. तिच्या पैशावर झालेलं पुष्कळसं संशोधन खोटं नव्हतं. पण विषय असे निवडले जात की सिगारेट आणि कर्करोग यांच्या संबंधावरून लक्ष दुसरीकडे जावं. सामाजिक प्रश्नांत तर हे आणखी सोपं. ‘कामगार का टिकत नाहीत’ यावर अभ्यास करायला पैसे मिळतात. ‘कामं का टिकत नाहीत’ म्हटलं की समोरचा माणूस घड्याळात बघायला लागतो.

तुम्ही स्वतः उद्योग चालवता, तुमच्याकडेही कंत्राटी माणसं आहेत. म्हणून मसुदा आधी पाठवू का असं मी विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, “नको. सगळ्यांबरोबर वाचेन.” ताई, या वाक्याचे आभार मी पैशांपेक्षा जास्त मानतो. लोक आमच्याशी मोकळेपणाने बोलले ते त्यामुळे. हे कोणाला दाखवणार, असं जो तो विचारायचा, आणि आम्हाला खरं उत्तर देता यायचं.

चार्ल्स बूथ हे जहाज कंपनीचे मालक. 1886 मध्ये त्यांनी पदरमोड करून लंडनच्या गरिबीची पाहणी सुरू केली आणि सुमारे सतरा वर्षं ती चालवली. शहरातले 30.7 टक्के लोक गरिबीत आहेत असं निघालं. कारणं शोधताना दारूपेक्षा तुटपुंजी आणि बेभरवशाची मजुरी मोठी ठरली. त्यांच्या वर्तुळातल्या अनेकांना हे रुचणारं नव्हतं, तरी त्यांनी ते छापलं. पुढे म्हाताऱ्यांना पेन्शन मिळावी म्हणून आग्रह धरला, आणि ब्रिटनमध्ये तो कायदा 1908 मध्ये झाला. तुमची आठवण झाली म्हणून हे लिहिलं.

अहवाल वाचून तुम्ही विचारलंत, की मधेच काम सोडून गेलेल्यांचं पुढे काय झालं? ते आमच्याकडे नाही. बऱ्याच जणांचे नंबर बदललेत, काहींनी घरं बदललीत. शोधायचं तर पुन्हा दारोदार जावं लागेल. थोडा निधी शिल्लक आहे. तुमची हरकत नसेल तर तो यासाठीच वापरू. तुमचा होकार आला की प्रगणकांना कळवतो, ते तयारच आहेत.

कळावे, लोभ असावा.

आपला,
पाहणी गटातला एक संशोधक