झटक्याची नोंद त्याच वेळी हवी

रविवारच्या पुरवणीत ‘पॅनिक अटॅक’वरील, म्हणजे अचानक उसळणाऱ्या तीव्र भीतीच्या झटक्यांवरील, लेख वाचला. या आजाराची लाज बाळगू नये, हे पटले; पण मागचे झटके आठवून डॉक्टरांना सांगावेत, हा सल्ला अपुरा वाटतो.

या आजारात आठवणच एका बाजूला झुकू शकते. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मॅक्नॅली आणि सहकाऱ्यांच्या १९८९च्या अभ्यासात पॅनिकच्या रुग्णांना इतर शब्दांपेक्षा भीतीशी निगडित शब्द जास्त आठवले. आजार नसलेल्यांत चित्र उलटे होते. (पुढच्या सगळ्याच अभ्यासांत हे सारखेच दिसले असे नाही, हेही सांगायला हवे.)

माझ्या नात्यातल्या एका गृहस्थांना आयर्विन पुलावर, रिक्षात, धडधड सुरू झाली. त्याच पुलावरून ते वर्षानुवर्षे सांगलीवाडीला बिनघोर ये-जा करत, ते हिशेबातच नाही. लक्षात राहिला तो घामेजल्या मुठीत धरलेला रिक्षाचा दांडा. किती वेळ त्रास झाला, असे विचारले की ‘तासभर तरी’ म्हणतात. झटका सहसा काही मिनिटांतच टोकाला जाऊन ओसरू लागतो.

म्हणून घड्याळ पाहून तिथल्या तिथे लिहावे: ठिकाण, वेळ, काय झाले, कधी उतरले. काहीच न झालेले दिवसही त्याच वहीत हवेत. छातीत पहिल्यांदाच दुखले तर मात्र वही बाजूला ठेवून आधी हृदयाची तपासणी करावी. मानसिक आरोग्यासाठी सरकारची ‘टेलिमानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. तो लेखासोबत छापायला हवा होता.

– एक वाचक, विश्रामबाग, सांगली