टेराफ्लॉपसोबत बँडविड्थ आणि वॉटही छापा

महोदय,

सोनीच्या पुढच्या प्लेस्टेशन या खेळयंत्राविषयीच्या बातम्यांत सध्या टेराफ्लॉपचा (सेकंदाला किती लाख कोटी आकडेमोडी, याचे माप) एकच आकडा मिरवला जातो. रत्नागिरी-सिंधुदुर्गातली मुले त्यावर विसंबून ‘आत्ताच घ्यायचा की थांबायचे’ हे ठरवतात. म्हणून तो आकडा येतो कुठून, हे सांगणे गरजेचे आहे.

हिशेब वहीत करता येतो. ग्राफिक्स चिपमधली कम्प्यूट युनिट (आकडेमोड करणारे गट) गुणिले ६४ (प्रत्येक गटातले गणक), गुणिले २ (एका ठोक्यात एक गुणाकार व एक बेरीज), गुणिले गिगाहर्ट्झमधला वेग, आणि उत्तराला हजाराने भागायचे. पीएस ५ मध्ये ३६ युनिट आणि कमाल वेग २.२३, म्हणून १०.२८ टेराफ्लॉप. एक्सबॉक्स सीरिज एक्समध्ये ५२ युनिट आणि १.८२५, म्हणून १२.१५. अफवेतल्या आकड्यांचा गुणाकारच जुळत नसेल तर ती बातमी खुशाल सोडून द्यावी.

जुळला तरी सावध राहावे. एएमडी या चिप कंपनीच्या आरडीएनए ३ या ग्राफिक्स रचनेपासून एका ठोक्यात दोन सूचना धरून तोच आकडा दुप्पट सांगता येतो. प्रत्यक्ष खेळात अशा जोड्या थोड्याच वेळा जमतात. २०२४ मध्ये पीएस ५ प्रो या सुधारित यंत्राच्या ३३.५ टेराफ्लॉपची हवा झाली ती यातूनच. सोनीचा अधिकृत आकडा निघाला १६.७, आणि खेळातले चित्र उमटवण्याचा वेग सोनीच्याच म्हणण्यानुसार वाढला सुमारे ४५ टक्के.

गणिती ताकद ६२ टक्के वाढूनही एवढाच फरक का? एक मोठे कारण मेमरी. चिप आणि मेमरीमधल्या वाटेची, म्हणजे बसची रुंदी २५६ बिट, गुणिले मेमरीचा वेग १४ गिगाबिट, भागिले ८, म्हणजे पीएस ५ ला सेकंदाला ४४८ जीबी डेटा मिळतो; हीच बँडविड्थ. प्रोमध्ये वेग १८ झाला, म्हणजे ५७६ जीबी. वाढ जेमतेम २९ टक्के. ऑक्टोबर २०२५ मध्ये सोनीच्या प्लेस्टेशनचे रचनाकार मार्क सर्नी यांनी एएमडीसोबत पुढच्या चिपची दिशा सांगितली, तेव्हा डेटा दाबून (कॉम्प्रेस करून) बँडविड्थ वाचवण्यावर भर दिला तो उगीच नव्हे. नव्या यंत्राचा अंदाज बांधताना मी तरी आधी बसची रुंदी पाहीन.

आपल्या किनाऱ्यावर वॉटचा आकडाही तितकाच महत्त्वाचा. पीएस ५ जड खेळात २०० वॉटच्या आसपास खाते. पाच तासांत विजेचे एक युनिट. ती सगळी उष्णता खोलीतच सुटते. या यंत्राची चिप आपला वेग कामाच्या भारावर ठरवते, खोलीच्या तापमानावर नाही. त्यामुळे मे महिन्यात काचेच्या शोकेसमध्ये ठेवलेले यंत्र खेळ मंदावून स्वतःला सावरत नाही. आधी पंखा घोंगावतो, मग गरम झाल्याची सूचना येते आणि यंत्र बंद पडते. शिवाय खाऱ्या, दमट हवेत धूळ चिपची उष्णता बाहेर टाकणाऱ्या हीटसिंकच्या पात्यांना थापून बसते. भिंतीपासून किमान १० सेंटिमीटर अंतर ठेवावे, आणि पावसाळ्याआधी व नंतर कव्हर काढून धूळ काढण्यासाठी ठेवलेल्या भोकांतून व्हॅक्यूमने ती ओढून घ्यावी.

पुढच्या कन्सोलच्या ताकदीची बातमी छापताना आपण बँडविड्थ आणि वॉट हे दोन आकडेही द्यावेत, ही विनंती.

– एक वाचक, मालवण