ओमच्या गेमबद्दल, फोनवर राहिलं ते

प्रिय संज्या,

काल फोनवर तू एवढा तापला होतास की मला बोलायला मिळालंच नाही, त्यात तू बावधनच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेला, म्हणून म्हटलं नीट बसून लिहावं. वहिनींनाही दाखव, त्या तुझ्यापेक्षा शांत डोक्याच्या आहेत.

तू सारखं एकच सांगत होतास, तुमचा ओम रोज चार-चार तास मोबाईलवर गेम खेळतो म्हणून. अरे पण नुसत्या तासांवरून काही ठरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये गेमिंग डिसऑर्डर आजारांच्या यादीत घेतला, २०२२ पासून ती यादी लागू झाली, पण त्यात तासांचा आकडाच नाहीये. बघतात काय तर, खेळण्यावर ताबा राहिलाय का, बाकी सगळ्याच्या आधी गेम येतो का, आणि वाट लागतेय हे दिसत असूनही थांबत नाही का, आणि तेही साधारण वर्षभर. ओमचं गणित घसरलंय, रात्री झोपत नाही, हे खरं आहे. पण तो तबल्याला जातो, जेवायला हाक मारली की कुरकुरत का होईना येतो. लगेच व्यसनमुक्ती केंद्राचा पत्ता विचारू नकोस बाबा.

आता खरा मुद्दा. मागच्या रविवारी तुमच्याकडे जेवायला आलो होतो ना, टेबलावर ओम माझ्याशी "हो काका", "नाही काका" याच्या पुढे गेला नाही. मग तुम्ही दोघं चहा करत होतात तेव्हा मी त्याच्या खोलीत जाऊन मागे बसलो. बीजीएमआय (चौघांची टीम करून ऑनलाइन खेळायचा तो लढाईचा गेम) चालू होतं, आणि तोच पोरगा हेडफोन लावून काय सुटला होता! "रुक रुक, पहले स्मोक डाल, मैं आता हूँ रिवाइव्ह करने", एक नांदेडचा, एक कुठला तरी भोपाळचा, आणि सगळे याचं ऐकत होते. एकजण मेला तर याने स्वतःचा जीव धोक्यात घालून त्याला उठवला. मॅच संपल्यावर तो भोपाळवाला म्हणाला, "भाई, तू नहीं होता तो गए थे", तेव्हा ओमचा चेहरा तू बघायला हवा होतास.

माणसाला तीन गोष्टी लागतात असं मानसशास्त्रात मानतात, आपल्याला काहीतरी जमतंय ही भावना, स्वतःचं काही स्वतः ठरवायची मोकळीक, आणि आपली माणसं. रायन आणि प्रझिबिल्स्की वगैरे मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्येच दाखवलं होतं की गेम हे तिन्ही पुरवतात. आता ओमला हे तिन्ही बाहेर कुठे मिळतंय सांग. सांगलीत त्याचं गल्लीतलं क्रिकेट होतं, आठवीच्या तोंडावर तुम्ही त्याला उचलून वाकडला आणलंत (नोकरी होती, मान्य), नव्या वर्गात सगळ्यांचे ग्रुप आधीच झालेले, आणि सोसायटीत पाटी काय तर "पार्किंगमध्ये बॉल खेळल्यास दंड". दिवसभर शाळा, मग क्लास, सगळं दुसऱ्यांनी ठरवलेलं. गेममध्ये कुठे उतरायचं हे तरी तो ठरवतो.

सिंगापूरमध्ये ३००० हून जास्त मुलांना दोन वर्षं बघितलं होतं, २०११ मध्ये ते छापून आलं. त्यात ज्यांना लोकांत मिसळायला जमत नव्हतं, आणि ज्यांना मनात आलं की लगेच केलंच पाहिजे असं व्हायचं, ती मुलं जास्त अडकली. आणि अडकल्यावर उदासी, भीती वाढली, मार्क पडले, म्हणजे ज्या एकटेपणातून गेला तो अजून वाढणार. पण ज्यांचं सुटलं त्यांची उदासीही कमी झाली, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

मोह आवरायचं काम करणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीपर्यंत पिकत असतो, तेराव्या वर्षी तो कच्चाच असणार. आणि समोर कोण, तर पगार घेऊन गेम चिकट करणारी मंडळी! रोज लॉगिन केलंस तर बक्षीस, सीझन संपला की रँक खाली, क्रेट, म्हणजे गेममधली बक्षिसाची पेटी, उघडला तर कधी भारी स्किन (पात्राचा नाहीतर बंदुकीचा नवा साज) कधी फालतू काहीतरी. मटक्यासारखंच, कधी लागेल ते कळत नाही म्हणूनच माणूस उठत नाही. बेल्जियमने २०१८ मध्ये पैसे देऊन उघडायच्या असल्या पेट्या जुगार ठरवल्या. तुझं यूपीआय त्याच्या फोनवर असेल तर आजच काढ. बाकी ते डोपामाइन डोपामाइन (मेंदूतलं ते 'अजून हवं' वाटायला लावणारं रसायन) करणारे रील्स मला पाठवू नकोस, डोपामाइन भजी खातानाही वाढतं.

बंदीचं म्हणशील तर सप्टेंबर २०२० मध्ये पबजी बंद झालं, पोरं फ्री फायरवर गेली, २०२१ मध्ये जवळपास तोच गेम बीजीएमआय म्हणून परत. तुझी वायफाय बंद करायची आयडिया तशीच आहे, आणि मॅच चालू असताना तर अजिबात करू नकोस, ऑनलाइन मॅचला पॉज नसतो, तू स्विच दाबलास की तो तीन मित्रांना वाऱ्यावर सोडून जातो, मग आदळआपट होणारच. "ही शेवटची मॅच" असं ठरव, अर्धा तास लागतो, लागू दे. पण रात्री दहानंतर फोन हॉलमध्ये चार्जिंगला, आणि तुमचे दोघांचेही, तू स्वतः बेडमध्ये क्रिकेटचे हायलाइट्स बघत बसतोस हे वहिनींनी सांगितलंय मला.

आणि त्याला बाहेर दुसरं काहीतरी मिळू दे जिथे तो कुणाला तरी लागतो. तबल्याच्या सरांना विचार, साथीला बसवतात का. सोसायटीच्या मीटिंगला एकदा जा आणि ती पाटी काढायला लाव, चेअरमन कटकट करेल, करू दे. रागावण्याआधी एकदा त्याच्याशेजारी बसून एक मॅच खेळ, पहिल्या दोन मिनिटांत मरशील, त्याला फार आवडेल ते.

दोन-तीन महिन्यांत झोप सुधारली नाही, तबलाही सुटला, किंवा तो जगण्यालाच कंटाळल्यासारखं बोलायला लागला तर मात्र थांबू नकोस, चांगल्या मानसोपचारतज्ज्ञाकडे आपण दोघं जाऊ, मी येतो बरोबर. शाळेत माझ्याकडे असली पोरं येतात, बहुतेक सावरतात.

आणि हो, स्क्रीन टाइमचा पासवर्ड तू तुझ्या गाडीचा नंबर ठेवला आहेस, ओमला तो माहीत आहे. त्यानेच सांगितलं मला.

तुझा,
मन्या