अपलोड होत नाही? प्रोग्रॅमला हात लावण्याआधी वाट तपासा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मायक्रोकंट्रोलर बोर्डांवर (एका चिपवरचा छोटा संगणक असलेल्या बोर्डांवर) मराठीत आता बरेच लिहिले जाते. आपल्या दैनिकाच्या विज्ञान पुरवणीतही असे प्रकल्प अधूनमधून येतात, ही चांगलीच गोष्ट आहे. तक्रार आहे ती एका वाक्याबद्दल. ‘आता बोर्ड यूएसबी केबलने संगणकाला जोडा आणि प्रोग्रॅम अपलोड करा’ एवढे सांगून लेख पुढे सरकतो. नवशिक्याचे घोडे मात्र नेमके तिथेच अडते. मग तो प्रोग्रॅमच्या ओळी बदलत बसतो, सगळे सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकतो आणि शेवटी बोर्डच खराब आहे म्हणून तो खणात ढकलतो. चोर सोडून संन्याशाला सुळी! कंपाइल, म्हणजे प्रोग्रॅमचे चिपच्या भाषेत रूपांतर, बिनचूक झाले असेल, तर प्रोग्रॅमला या भांडणात ओढायचे कारण नाही. तो बोर्डापर्यंत पोचलेलाच नसतो. प्रश्न असतो वाटेचा, आणि ती वाट संगणकाकडून बोर्डाकडे अशा क्रमानेच तपासावी लागते.

सुरुवात केबलपासून. साध्या यूएसबी केबलमध्ये चार तारा असतात: दोन विजेच्या आणि दोन डेटाच्या. नुसत्या चार्जिंगसाठी बनवलेल्या केबलमध्ये डेटाच्या दोन तारा नसतातच. अशी केबल लावली तरी बोर्डावरचा दिवा लागतो, कारण ५ व्होल्ट पोचलेले असतात. दिवा लागला म्हणजे केबल ठीक, ही समजूत इथे घात करते. खात्री करायची तर त्याच केबलने एखादा फोन संगणकाला जोडावा. फोनमधल्या फाइली दिसल्या तर डेटाच्या तारा शाबूत आहेत.

त्यानंतर विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजर (जोडलेल्या उपकरणांची यादी) उघडा ठेवून केबल लावावी, काढावी, पुन्हा लावावी. लिनक्सवर हेच काम डी-मेसेज ही आज्ञा करते. तीनपैकी एक गोष्ट घडेल. यादीत काहीच हलले नाही, तर दोष केबलमध्ये, संगणकाच्या पोर्टमध्ये किंवा बोर्डाच्या सॉकेटमध्ये. पिवळ्या त्रिकोणासह अनोळखी नाव उमटले, तर केबल बहुधा निर्दोष आहे आणि अडचण ड्रायव्हरची, म्हणजे बोर्डाशी बोलायला संगणकाला लागणाऱ्या सॉफ्टवेअरची. कॉम पोर्टचा क्रमांक दिसला, तर केबल आणि ड्रायव्हर दोन्ही सुटले. यापुढे त्यांना हात लावू नये. एवढे एक निरीक्षण अर्धा शोध संपवते, तरी ते कुठल्याच लेखात छापलेले दिसत नाही.

टाइप-सी सॉकेटच्या काही स्वस्त बोर्डांची एक वेगळीच खोड आहे. दोन्ही टोकांना टाइप-सी असलेली केबल लावली तर बोर्ड मेल्यासारखा पडून राहतो, आणि एका टोकाला जुना चपटा यूएसबी-ए प्लग असलेली केबल लावली की लगेच जागा होतो. टाइप-सी पोर्ट समोर कोणी आहे याची खात्री पटल्याशिवाय वीज सोडत नाही. ती खूण म्हणजे बोर्डावरच्या दोन सीसी पिनांना ग्राउंडशी जोडणारे ५.१ किलोओहमचे रेझिस्टर. खर्च वाचवायला ते गाळलेले असले की वीजच येत नाही. अशा वेळी बोर्ड बदलायची गरज नाही, केबल बदलावी.

ड्रायव्हर कोणता टाकायचा हे बोर्डाच्या नावावरून नव्हे, तर यूएसबी सॉकेटशेजारच्या, यूएसबी आणि सीरियल संकेतांची अदलाबदल करणाऱ्या चिपवरून ठरते. भिंगातून पाहिले तर तिच्यावर सीएच३४०, सीपी२१०२ किंवा एफटी२३२ असे काहीतरी कोरलेले दिसते. अक्षरे घासलेली असतील, तर डिव्हाइस मॅनेजरमधला ओळख क्रमांक बघावा: १ए८६ म्हणजे सीएच३४० बनवणारी कंपनी, १०सी४ म्हणजे सिलिकॉन लॅब्जची सीपी मालिका, ०४०३ म्हणजे एफटीडीआय. नक्कल चिपांचा त्रासही खरा आहे. २०१४ मध्ये एफटीडीआयच्या विंडोज ड्रायव्हरने नक्कल चिपांचा उत्पादन क्रमांक पुसून शून्य केला आणि ते बोर्ड संगणकाला ओळखू येईनासे झाले. सुट्या यूएसबी-सीरियल अडॅप्टरांत सापडणाऱ्या, प्रोलिफिक कंपनीच्या जुन्या पीएल२३०३ चिपांना नवा ड्रायव्हर सरळ नकार देतो. तिथे जुना ड्रायव्हर शोधत बसण्यापेक्षा दुसरा अडॅप्टर घेतलेला बरा.

लिनक्सवर या चिपांचे ड्रायव्हर कर्नलमध्येच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच असतात, तिथली अडचण परवानगीची. पोर्ट दिसतो, पण ‘परमिशन डिनाइड’ येते. उबुंटू किंवा डेबियनवर वापरकर्त्याला डायलआउट या गटात घालावे लागते. गटात घातल्यावर लॉग आउट करून पुन्हा लॉग इन करायचे राहिले, तर काहीच बदलत नाही, आणि लोक हमखास इथेच फसतात. उबुंटू २२.०४ मध्ये आणखी एक गंमत आहे. सीएच३४० असलेला बोर्ड लावला की पोर्ट क्षणभर उमटतो आणि नाहीसा होतो. ब्रेल वाचकयंत्रांसाठी असलेली बीआरएलटीटीवाय ही सेवा १ए८६:७५२३ हा क्रमांक पाहून बोर्डाला ब्रेल यंत्र समजते आणि पोर्ट बळकावते. ती काढून टाकली की पोर्ट टिकतो. मात्र त्या संगणकावर कोणी ब्रेल यंत्र वापरत असेल, तर सेवा काढू नये. तिच्या नियमांच्या फाइलमधली या क्रमांकाची तेवढी ओळ बंद करावी.

पोर्ट आहे, परवानगीही आहे, तरी ‘पोर्ट बिझी’ किंवा ‘ॲक्सेस डिनाइड’ येत असेल, तर दुसऱ्या खिडकीत सीरियल मॉनिटर (बोर्डाकडून येणारा मजकूर दाखवणारी खिडकी) उघडा राहिलेला असतो. एका वेळी एकालाच पोर्ट मिळतो.

आता बोर्डाच्या बाजूला येऊ. खरी गोम इथे आहे. चिप एरवी तिच्यातला जुना प्रोग्रॅम चालवत असते. नवा घेण्यासाठी तिला बूटलोडरमध्ये, म्हणजे नवा प्रोग्रॅम उतरवून घेणाऱ्या तिच्यातल्या छोट्या प्रोग्रॅममध्ये, न्यावे लागते आणि प्रत्येक कुळाची तऱ्हा निराळी. आर्डुइनो उनोवर संगणक डीटीआर ही सीरियल पोर्टची इशाऱ्याची रेषा खाली खेचतो, १०० नॅनोफॅरडच्या कपॅसिटरमधून क्षणभराचा झटका रिसेट पिनला बसतो आणि बूटलोडर थोडा वेळ वाट पाहतो. तेवढ्यात संभाषण जुळले नाही, तर ‘नॉट इन सिंक’ हा सुप्रसिद्ध संदेश येतो. ० आणि १ क्रमांकांच्या पिनांवर ब्लूटूथ किंवा जीपीएस मॉड्यूल जोडलेले असेल, तर हमखास येतो, कारण अपलोडही त्याच दोन पिनांवरून होतो. मॉड्यूलची तार काढून अपलोड करावे, मग परत लावावी. नॅनोचे दुखणे वेगळे. जुन्या बूटलोडरचे नॅनो ५७६०० बॉडवर (बॉड म्हणजे सीरियल संभाषणाचा वेग) बोलतात, नवे ११५२०० वर, आणि बाहेरून दोघांत फरक दिसत नाही. मेनूत प्रोसेसर निवडताना ‘ओल्ड बूटलोडर’ करून पाहिले की उलगडा होतो. म्हणून संपादक महोदय, लेखात बोर्डाचे नुसते ‘नॅनो’ किंवा ‘ईएसपी३२’ एवढे नाव छापू नये. नेमका प्रकार, यूएसबी चिप, बॉड रेट आणि मेनूतली निवड या चार गोष्टी छोट्या चौकटीत दिल्या, तर वाचकाचा संबंध दिवस वाचेल.

ईएसपी३२ मध्ये रिसेटच्या क्षणी जीपीआयओ० ही पिन ग्राउंडला असेल तरच चिप डाउनलोड मोडमध्ये जाते. डेव्हलपमेंट बोर्डावर डीटीआर आणि आरटीएस या दोन रेषा दोन ट्रान्झिस्टरांमधून हे काम आपोआप करतात. ज्या बोर्डावर ईएन या रिसेटच्या पिनचा कपॅसिटर नाही किंवा फार लहान आहे, तिथे वेळेचे गणित चुकते. मग पडद्यावर ‘कनेक्टिंग’पुढे ठिपके उमटत राहतात आणि शेवटी ‘टाइम्ड आउट’ येते. ठिपके दिसू लागताच बूट बटण दाबून धरावे आणि टक्केवारी सुरू झाली की सोडावे. कायमचा उपाय हवा असेल, तर ईएन आणि ग्राउंड यांच्यामध्ये १ ते १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावावा; इलेक्ट्रोलिटिक असेल तर धन टोक ईएनकडे. याच चिपची जीपीआयओ१२ पिन सुरू होताना हाय (३.३ व्होल्टवर) असली, तर चिप फ्लॅश मेमरीला ३.३ ऐवजी १.८ व्होल्ट द्यायला निघते आणि ‘फ्लॅश रीड एरर’ येतो. त्या पिनवर पुल-अप (पिन हाय ठेवणारा रेझिस्टर) असलेले एसडी कार्डाचे मॉड्यूल हा नेहमीचा गुन्हेगार. हाताने फ्लॅश करणाऱ्यांनी पत्ताही सांभाळावा: मूळ ईएसपी३२ चा बूटलोडर मेमरीत हेक्स १००० वर बसतो, ईएसपी३२ च्या एस३ आणि सी३ या भावंडांचा शून्यावर. एकाचा पत्ता दुसऱ्याला दिला की फ्लॅशिंग यशस्वी झाल्याचा संदेश येतो आणि बोर्ड मात्र सुरू होत नाही.

ईएसपी३२ च्या फ्लॅश मेमरीत लिहिणे मध्येच तुटत असेल, तर वेग ९२१६०० वरून ११५२०० वर आणावा. त्या वेगाने १ मेगाबाइट जायला हिशेबाने ९१ सेकंद लागतात. प्रत्यक्षात कमीच, कारण ईएसपीटूल हे अपलोड करणारे साधन डेटा दाबून (कॉम्प्रेस करून) पाठवते. खेचाखेच करण्यासारखा हा फरक नाही.

ज्या चिपांत यूएसबी अंगचेच आहे, म्हणजे ईएसपी३२-एस३, सी३ किंवा पिकोतली आरपी२०४०, त्यांच्याबाबत पोर्ट चिपमधल्या जुन्या प्रोग्रॅमच्या मर्जीवर असतो. प्रोग्रॅम सतत कोसळत असेल तर पोर्टही येतो-जातो. अशा वेळी एस३ आणि सी३ वर बूट दाबून धरून रिसेट दाबावे आणि मग पोर्टचा क्रमांक पुन्हा पाहावा, कारण बूटलोडरमध्ये गेल्यावर तो बदलू शकतो आणि सॉफ्टवेअर जुन्याच क्रमांकावर हाका मारत बसते. पिकोला बूटसेल बटण दाबून धरून केबल लावली की आरपीआय-आरपी२ नावाचा ड्राइव्ह दिसतो. त्यात आपल्या प्रोग्रॅमची यूएफ२ फाइल टाकायची. फाइल गेली की ड्राइव्ह आपोआप नाहीसा होतो. बिघाड वाटून पुष्कळजण घाबरतात, पण ते काम झाल्याचे लक्षण आहे. ड्राइव्ह तसाच राहिला, तर काळजी करावी. पिको २ साठी बनवलेली फाइल जुन्या पिकोत टाकली असेल, तर ती फाइल चिप मानत नाही.

‘ब्लू पिल’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या एसटीएम३२एफ१०३ बोर्डावर यूएसबी सॉकेट असते, पण चिपच्या अंगभूत बूटलोडरला यूएसबी येत नाही. त्याला सीरियल अडॅप्टर लागतो: अडॅप्टरची टीएक्स (पाठवणारी पिन) पीए१० ला, आरएक्स (घेणारी पिन) पीए९ ला, ग्राउंडला ग्राउंड, बूट० जंपर १ वर आणि मग रिसेट. काम झाल्यावर जंपर परत ० वर आणायला विसरले, तर वीज गेल्या-आल्यावर बोर्ड पुन्हा मुका. त्यापेक्षा एसटी-लिंक हा एसटीएम३२ चिपांचा प्रोग्रॅमर घ्यावा: पीए१३, पीए१४, ग्राउंड आणि ३.३ व्होल्ट, चारच तारा, त्याही आखूड. प्रोग्रॅमने पीए१३ किंवा पीए१४ दुसऱ्या कामाला लावली असेल, तर एसटी-लिंकला चिप दिसत नाही. ‘कनेक्ट अंडर रिसेट’ निवडून, गरज पडल्यास रिसेट बटण हाताने धरून ती परत मिळवता येते. चिप जळाली असे यावरून ठरवू नये.

सीरियल अडॅप्टर वापरताना तीन गोष्टी पाळाव्यात. टीएक्स-आरएक्स उलटसुलट जोडावे, ग्राउंड कधीही वगळू नये, आणि अडॅप्टरवरचा जंपर ३.३ व्होल्टवर असल्याची खात्री करावी; ५ व्होल्टच्या सिग्नलने ३.३ व्होल्टची पिन कायमची जाऊ शकते. अडॅप्टरवरच शंका असेल, तर तो बोर्डापासून सोडवून त्याचीच टीएक्स आणि आरएक्स एका तारेने जोडावी आणि टर्मिनलमध्ये काही टाइप करावे. लिहिलेली अक्षरे परत दिसली तर अडॅप्टर, ड्रायव्हर आणि केबल तिन्ही ठीक. नंतर ती तार काढून टाकली की अक्षरे उमटणे बंद झाले पाहिजे. नाही झाले, तर टर्मिनलचा लोकल एको (टाइप केलेले स्वतःच पडद्यावर दाखवणे) चालू आहे आणि चाचणी फसवी होती.

रास्पबेरी पायसारख्या लिनक्स बोर्डांवर सॉफ्टवेअर नेटवर्कवरून टाकता येते. पण तो सुरूच होत नसेल, तर सीरियल कन्सोल, म्हणजे सीरियल अडॅप्टरमधून बोर्डाचे संदेश वाचणे, हाच आधार. पायवर ६ क्रमांकाची पिन ग्राउंड, ८ टीएक्स, १० आरएक्स, वेग ११५२००, कॉन्फिग फाइलमध्ये एनेबल-युआर्ट १ केलेले असावे. बोर्डाला स्वतःचा वीजपुरवठा असताना अडॅप्टरची लाल तार लावू नये.

शेवटी विजेबद्दल. यूएसबी २.० चा पोर्ट ५०० मिलिॲम्पिअरपर्यंतच देणे लागतो. वाय-फाय सुरू होताना ईएसपी३२ त्याच्या आसपास क्षणिक मागणी करते. लांब, बारीक केबल किंवा वीज नसलेला हब मध्ये असेल, तर व्होल्टेज खाली येते, ‘ब्राउनआउट’चा (व्होल्टेज अपुरे पडल्याचा) संदेश येतो आणि बोर्ड पुन:पुन्हा रिसेट होतो. मोटर आणि एलईडी पट्ट्या सोडवून, आखूड केबलने थेट संगणकाच्या पोर्टला जोडून अपलोड करावे, आणि त्यांना वेगळ्या पुरवठ्यावर न्यावे. दोन्ही पुरवठ्यांचे ग्राउंड मात्र एकत्र हवे.

आपला,
एक वाचक, एम्बेडेड सॉफ्टवेअर अभियंता