दोन इंजिने म्हणजे दुप्पट ताकद नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मालगाडीला दोन डिझेल इंजिने लावली की ताकद आपोआप दुप्पट होते, असा समज सुशिक्षित मंडळींच्या बोलण्यातही वारंवार आढळतो. डिझेल इंजिनांवर नोकरीची बरीच वर्षे काढलेला माणूस म्हणून त्याबद्दल थोडे लिहितो.

आपल्याकडची डिझेल इंजिने मुख्यतः अल्को आणि ईएमडी या दोन अमेरिकी कंपन्यांच्या घराण्यांतली. जुने डब्ल्यूडीएम-२ हे अल्को घराण्याचे इंजिन २६०० अश्वशक्तीचे, तर नंतर आलेले ईएमडी घराण्याचे डब्ल्यूडीजी-४ हे ४००० अश्वशक्तीचे. दोन्हींच्या हँडलला नॉच, म्हणजे ताकद वाढवण्याच्या पायऱ्या, आठच. पण आठव्या नॉचवर अल्को मिनिटाला १००० फेरे घेते आणि ईएमडी सुमारे ९००. अल्कोचा टर्बो, म्हणजे इंजिनात हवा कोंबणारा पंखा, केवळ धुराच्या जोरावर फिरतो, म्हणून नॉच झटकन वाढवला की हवा पोहोचण्याआधी डिझेल पोहोचते आणि काळ्या धुराचा लोट उठतो. ईएमडीचा टर्बो मात्र कमी लोडवर गिअरने फिरवला जातो. साहजिकच एकाच हुकमावर दोघांची ओढ एकाच क्षणी, एकाच प्रमाणात वाढत नाही, आणि ती तफावत मधल्या कपलरला सोसावी लागते. ब्रेकची यंत्रणाही निराळी, एकीकडे हवेवर चालणारे व्हॉल्व्ह, तर दुसरीकडे संगणक.

खरा प्रश्न चढावर उभा राहतो. डिझेल इंजिन वीज तयार करते आणि चाके फिरवतात त्या विजेवरच्या ट्रॅक्शन मोटारी; डब्ल्यूडीएम-२च्या या मोटारी डीसी आहेत. वेग घसरला की त्यांतून जाणारा विद्युतप्रवाह वाढतो, मोटारी तापतात, आणि त्या स्थितीत किती मिनिटे ओढायचे याला मर्यादा असते. डब्ल्यूडीजी-४च्या एसी मोटारी तोच संथ वेग कितीतरी अधिक सोसतात. अशी जोडी लावून लोड, म्हणजे ओढायचे वजन, ठरवताना केवळ अश्वशक्तीची बेरीज केली, तर दणकट भाऊ गाडी रेटत राहतो आणि दुसऱ्याच्या मोटारी जळतात.

एकाच घराण्याची इंजिने जोडली म्हणजे निश्चिंत राहावे, असेही नाही. गोंदिया-बल्लारशा मार्गावर विजेच्या तारा येण्यापूर्वी एकदा आमच्या मालगाडीला दोन अल्को इंजिने होती. चढावर वेग पडू लागला, पण माझ्यासमोरच्या लोडमीटरवरून मागच्या इंजिनाचे काहीच कळेना, कारण तो फक्त पुढच्या इंजिनाचा प्रवाह दाखवतो. गाडी थांबल्यावर सहायकाने मागे जाऊन पाहिले, तर मागचे इंजिन आयडलवर, म्हणजे ओढ न देता, स्वस्थ गुरगुरत होते. पुढच्या इंजिनाचा हुकूम मागच्याला पोहोचवणारी जंपर केबल काढली, तेव्हा एक पिन वाकलेली आणि तिच्याभोवती तेलकट धुळीचा थर. शेडमधून निघताना ती केबल नुसती खोचली होती, तपासली नव्हती.

नागपुरातून जाणाऱ्या मुख्य मार्गांवर आता विजेची इंजिने धावतात. डिझेलची आठवण होते ती शंटिंगला, अपघात मदत गाडीला किंवा वीजपुरवठा खंडित झाल्यावर. आणि नेमक्या त्या घाईत जे इंजिन हाताशी असेल ते जोडले जाण्याचा मोह होतो. शिवाय अशा इंजिनांवर रोज हात असलेले चालकही आता निवृत्त होत आहेत. म्हणून राखीव डिझेल इंजिनांच्या जोड्या एकाच प्रकारच्या ठेवाव्यात, त्यांच्या जंपर केबली ठरावीक दिवसांनी लोड देऊन तपासाव्यात, आणि मिश्र जोडी लावणे अटळच असेल तर लोड दुर्बळ इंजिनाच्या किमान वेगावरून (ज्याखाली त्याच्या मोटारी तापतात) ठरवून तो आकडा चालकाच्या कागदावर लेखी द्यावा, अशी रेल्वे प्रशासनाला विनंती आहे.

आपला,
एक निवृत्त लोको पायलट,
अजनी, नागपूर